लाँग टॉमची एकट्याची सफर

१० मार्च. सकाळी, कॉफीनंतर.

ठरलं. यंदा जूनमध्ये लाँग टॉम नदी. एकट्याने. आता माघार नाही.

काल जेवताना हेल्वीने पुन्हा फ्लॅटचा विषय काढला. थंडर बे शहरात, आमच्या लेकीच्या, तार्याच्या घराजवळ, तिसरा मजला, लिफ्ट. म्हणाली, जानेवारीत छपरावरचा बर्फ काढताना तू पडलास, पुढच्या जानेवारीत मी तुला बर्फातून उकरून काढणार नाही. मी म्हटलं, पडलो नव्हतो, उतरलो होतो. ती म्हणाली, शिडी घराच्या दुसऱ्या बाजूला होती, ओनी.

शेवटी टेबलावर हात आपटला. सांगितलं, ज्याला हे घर झेपत नाही असं तुम्हा मायलेकींना वाटतं, तो माणूस जूनमध्ये एकट्याने लाँग टॉम करून दाखवेल. केली, तर तळ्याकाठचं हे घर राहिलं आणि फ्लॅटचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही केली, तर मुकाट्याने सही करीन. हेल्वीने बटाटा सोलून संपवला आणि म्हणाली, चालेल. इतक्या चटकन चालेल म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मार्ग डोळ्यांपुढे आहे. आपल्याच धक्क्यावरून निघायचं. आपल्या तळ्याच्या, हेरिंग लेकच्या, उत्तर टोकाला कनू, म्हणजे वल्ह्याची होडी, खांद्यावर घेऊन जंगलातून पलीकडे. तिथून लाँग टॉम, पुढे दक्षिणेकडची तळी, आणि गोल फिरून पुन्हा आपलाच धक्का. दोन आठवडे. सडक खात्यात असताना दरवर्षी सुट्टी काढून अशा सफरी केल्या. आता रिटायर झालोय, सुट्टीही मागायला नको.

व्यायाम उद्यापासून.

१४ मार्च.

व्यायाम सोमवारपासून. आठवड्याच्या मधोमध सुरू केलेलं काही टिकत नाही.

१९ मार्च.

सोमवारी हिमवादळ होतं. मंगळवारी रस्ता मोकळा केला, तो व्यायामच. आज पाठ दुखतेय, म्हणजे व्यायाम लागू पडतोय.

४ एप्रिल. दुपार.

सामान काढलं. बैठकीच्या खोलीत तंबू उभारून बघितला. उत्तम. आत पडून नकाशा वाचत होतो, डोळा लागला. हेल्वी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली आणि तंबूभोवतीने फिरवून गेली. हाक नाही, काही नाही.

सफरीसाठी खिमा आणि राजमा वाळवून ठेवला होता. हॉकीची मॅच बघताना चव घेतली. चव चांगली होती. पुन्हा वाळवावा लागेल.

१७ एप्रिल.

गुडघा. फार नाही, थोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिने टाळा, ओझं उचलू नका, उकिडवे बसू नका. नदीत जिने नसतात हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्या हसल्या नाहीत. बोटीत बसून राहायला काही हरकत आहे का, असं विचारलं. म्हणाल्या, बसून राहायला काहीच हरकत नाही. थोडक्यात, डॉक्टरांची परवानगी मिळाली.

८ मे.

बर्फ फुटला! सकाळी तळ्याच्या मध्यावर काळं पाणी दिसलं. या वयातही तसाच चपला घालून धक्क्यावर पळालो. हेल्वी खिडकीतून ओरडली, बूट घाल, मेल्या!

नंतर बेकरीत गेलो. बेकरीवाल्या मेव्हिसने कॉफी ओतता ओतता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय ओनी, नक्की ना यंदा? गेल्या वर्षी पण नक्की होतं. मी म्हटलं, गेल्या वर्षी मी नोकरीत होतो. ती म्हणाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी? शेजारचा गास्टाँ कोपऱ्यातून म्हणाला, अगं, त्या वर्षी जंगलात चावऱ्या माश्या होत्या. सगळे हसले. हसा. जूनमध्ये बघू कोण हसतंय.

११ मे.

बाजारात नव्या कनू आल्यात, एका हाताने उचला इतक्या हलक्या. नको. त्या शहरी लोकांसाठी. माझी सीडरच्या लाकडाची, कॅनव्हास चढवलेली. पंचेचाळीस वर्षं तिने मला सांभाळलं. हेल्वी म्हणाली, तेव्हा तुम्ही दोघंही हलके होता.

२६ मे. संध्याकाळ.

कनू खांद्यावर घेण्याचा सराव. आधी मांडीवर, मांडीवरून एका झटक्यात डोक्यावर उलटी. आणि आली की! पहिल्या झटक्यात! हेल्वी कपडे वाळत घालत होती, तिने बघितलंही.

अडचण एवढीच, की उतरेना. हात वर, गुडघा वाकत नाही. उभं राहिलो असतो तर अडकलोय असं दिसलं असतं, म्हणून चालत राहिलो. घराला दोन चकरा मारल्या. कनूखालून आपले बूट तेवढे दिसतात. तिसऱ्या चकरेत समोर दुसरे बूट दिसले. गास्टाँचे. म्हणाला, कुठे निघाली स्वारी? म्हटलं, सराव. म्हणाला, सराव कर बाबा, पण माझे बटाटे कालच लावलेत, त्यांच्यातून नको. मग त्याने मागचं टोक धरलं आणि मी खालून निघालो. त्याला उगाच नाक खुपसायची सवय आहे. आणखी एका चकरेत मी स्वतःच उतरवली असती.

७ जून.

तार्या आली. जावयाने पाठवलेली एक नारिंगी डबी घेऊन. ती कमरेला अडकवायची म्हणे. तासभर समजावत होती. उपग्रह, दर दहा मिनिटांनी कसलीशी खूण, लिंक, बेकरीतल्या सगळ्यांना पाठवलीय, आणि काय काय. मी मान डोलावत होतो. मुद्दा एवढाच, की संध्याकाळी हिरवं बटण दाबायचं, घरी ‘मी ठीक आहे’ असा निरोप जातो. लाल दाबायचं नाही, लाल दाबलं की हेलिकॉप्टर येतं.

शेवटी म्हणाली, बाबा, नकाशावर सगळं दिसेल हं. ती गेल्यावर डबी उलटीसुलटी करून बघितली. पडदाच नाही! नकाशा दिसणार कुठे, माझ्या कपाळावर? जाहिरातीत काहीही ठोकून देतात. असो, पोरीचं मन मोडायला नको. अडकवीन.

१२ जून. पहाटे.

निघतोय. पाणी काचेसारखं.

रिवाजाप्रमाणे कागद हेल्वीच्या हातात दिला. एकटा जाणाऱ्याने घरच्या एका माणसाला लिहून द्यायचं असतं, कुठून कुठे, कधी परत, आणि किती वाट बघून पोलिसांना फोन करायचा. माझा कागद नेहमी हेल्वीकडेच. तिने तो न वाचता फ्रिजवर लावला. सवयीची झालीय. मग नारिंगी डबी स्वतः माझ्या जॅकेटला अडकवली, दोनदा ओढून बघितली, आणि म्हणाली, जा आता.

गास्टाँ आणि मेव्हिस धक्क्यावर आले होते. मी न वळता वल्हं उंच केलं. फोटोत छान येईल.

१२ जून. दुपार.

उत्तर टोक गाठलं. खांदे भरून आलेत, पण गोड दुखणं आहे. समोर जंगलातली वाट. पाऊण किलोमीटर. पलीकडे लाँग टॉमचं पहिलं पाणी. शेवटचा इथे आलो होतो तेव्हा शीळ घालत पार केली होती.

१२ जून. संध्याकाळ.

वाट खराब झालीय. खात्याने लक्षच दिलेलं नाही. चिखल, पडलेली झाडं आणि काळ्या माश्या. माश्या कानात, भुवयांत, कॉफीत. कनू उचलली. म्हणजे उचललीच. दहा-वीस पावलं गेलो असेन. मग गुडघ्यात असं काही झालं की मी आणि कनू दोघं एका बर्चच्या झाडाच्या अंगावर गेलो. बर्च मोडला.

दोरीने ओढून बघितली. एका वेळी हातभर. शेवटी तिच्याखालीच पडून राहिलो, निदान माश्या तरी कमी लागल्या.

हिरवं बटण दाबलं. मी ठीक आहे.

१३ जून.

शहाणा माणूस हट्ट करत नाही. गुडघ्याला दोन दिवस विश्रांती, मग वाट. इथे माश्यांत बसण्यापेक्षा वेइकोचा कॅम्प बरा. वेइको म्हणजे हेल्वीचा भाऊ. आमच्याकडे तळ्याकाठच्या लाकडी घराला कॅम्पच म्हणतात. तो जुलैपर्यंत अल्बर्टात लेकाकडे आहे. किल्ली सौनाच्या, म्हणजे वाफारा घ्यायच्या खोपटाच्या, वळचणीला, खिळ्यावर. कॅम्प टेकाडामागच्या खाडीत, आमच्या घरापासून तासाभराच्या पाण्यावर, पण घरून दिसत नाही.

कोणाला कळायचं कारण नाही. ही माघार नाही, मुक्काम आहे.

१४ जून.

सौना तापवली. गुडघ्याला आराम. बेत तयार. उद्या निघायचं.

१५ जून.

पाऊस. उद्या.

दुर्बीण घेऊन टेकाडाच्या टोकाला गेलो होतो. तिथून आमचा धक्का दिसतो. हेल्वी पाण्यात पाय सोडून कॉफी पीत बसली होती. नवरा एकटा जंगलात, आणि ही पाय हलवतेय! मान वर करून तिने चक्क माझ्याच दिशेने हात हलवला. एखाद्या लून पक्ष्याला असेल.

१६ जून.

विचार केला. नदी काय नि तळं काय, पाणी ते पाणीच. खाडीत रोज ठरावीक फेऱ्या मारल्या की त्या दिवसाचं अंतर होतंच. आज सकाळी पहिला धबधबा पार केला. अर्थात अंतराने. दुपारी वारा सुटला, दुसऱ्या धबधब्याच्या अलीकडेच थांबलो.

१७ जून.

थोडक्यात वाचलो. गास्टाँची मोटरबोट थेट खाडीत आली. मी पटकन पलंगाखाली. कनू लपवायला वेळ मिळाला नाही, पण लाल कनू हेरिंग लेकवर पन्नास असतील. तो पायऱ्यांपर्यंत आला, खोकला, आणि झाडांना सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाला, हे वॉलाय मासे आज जास्तच लागलेत बुवा, घरी कोण खाणार एवढे, इथेच ठेवतो. ठेवून गेला. वयाचा परिणाम, एकटाच बोलतो.

मासे सोललेले होते, काट्यांशिवाय. तळून खाल्ले. नदीवरही मासे मिळालेच असते.

१९ जून.

पायरीवर वेलचीच्या गोड पावाची लादी, पुला! ताजी, अजून कोमट. आमच्या घरातल्यासारख्याच निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलात गुंडाळलेली. असे टॉवेल सगळीकडे मिळतात. सोबत गुडघ्याचं मलम, आणि चष्मा. माझा वाचायचा चष्मा घरी राहिलाय, आणि हा नेमका त्याच नंबरचा. वेइकोचा असेल. त्याचेही डोळे गेलेत म्हणजे.

वेइकोचे शेजारी फार सज्जन दिसतात. त्याला शेजारी नाहीत असं वाटत होतं.

२० जून.

आज मन कशातच लागत नाही. वेइकोची लाकडं फोडली, रचली, पुन्हा पाडून रचली. पायरीवर बसलो, उठलो. खाडीत गेलो, परत आलो. कॉफी केली, ओतून दिली. अंगात नुसते किडे वळवळतायत. जूनमध्ये मी कधी एका जागी बसलेलो नाही. जून म्हणजे रोज नवं पाणी, रोज नवीन जागी चूल. उद्या कुठे असेन हे नेमकं माहीत नाही, याच्यासारखं सुख नाही.

हे घर गेलं, तर सकाळी उठून बघायचं कशाकडे? पार्किंगकडे? तिसऱ्या मजल्यावर कनू कुठे ठेवणार? मला तिथे जायचं नाही. भीती वाटते. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.

उद्या पहाटे वाट. काहीही होवो.

२१ जून. दुपार.

गेलो होतो. सामान सगळं इथे ठेवून, नुसती कनू. उचलली. चाललो. बरंच चाललो. मोडक्या बर्चपर्यंत तरी गेलोच.

मग तिला तिथेच ठेवून नुसता चालत पलीकडे गेलो. लाँग टॉम दिसली. पहिल्या वळणावर तीच सपाट शिळा, जिच्यावर तंबू मारायचो. पाणी भरभर चाललं होतं. थांबून बघत होतो. मग माश्यांमुळे डोळ्यांना पाणी आलं, परत फिरलो.

येताना कनू ओढत आणली. उतार होता.

२३ जून.

सफरीची हकिगत तयार करतोय. रोजनिशीत असावी म्हणून नाही, लोक विचारतात म्हणून. दुसऱ्या धबधब्यावर कनूत पाणी भरलं. तिसऱ्या मुक्कामाला अस्वल. अस्वल मोठं ठेवायचं की मध्यम? मध्यम. मोठ्यावर मेव्हिस विश्वास ठेवत नाही.

दाढी वाढलीय. रंगही रापलाय. टेकाडावर दुर्बीण घेऊन बसल्याचा उपयोग झाला.

२५ जून. संध्याकाळ. घरी!

जमलं! झकास जमलं!

दक्षिणेकडच्या किनाऱ्याने लांबून वळसा घेऊन आलो, म्हणजे बरोबर त्या बाजूने दिसलो. धक्क्यावर हेल्वी, तार्या, गास्टाँ, मेव्हिस. टाळ्या वाजवल्या. कनूतून उतरताना तार्याने हात दिला. मी धबधबे सांगितले, वारा सांगितला, अस्वल सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते. गास्टाँ मधेच तोंडावर हात ठेवून बोटीकडे निघून गेला. भारावला असणार. मेव्हिसने विचारलं, खायचे हाल झाले असतील नाही रे? मी म्हटलं, नदी जे देईल ते. ती म्हणाली, काटेसुद्धा काढून देते का? या बाईला मासेमारीतलं काडीचं कळत नाही.

हेल्वीने फ्रिजवरचा कागद काढला आणि चुलीत टाकला. नेहमी टाकते.

घर राहिलं. उद्या छपराकडे बघतो.

२६ जून. सकाळी, नाश्त्यानंतर.

हेल्वीने कॉफी दिली आणि समोर तार्याचा कॉम्प्युटर ठेवला. म्हणाली, बघ. पडद्यावर हेरिंग लेक. आमच्या धक्क्यावरून एक रेघ सरळ उत्तर टोकाला गेलेली. तिथून खाडीत. आणि खाडीत नुसता गुंता. टेकाडाच्या टोकाला ठिपक्यांचा ढीग. मोडक्या बर्चपाशी आणखी एक.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. बेकरीत पण? म्हणाली, मेव्हिसने हा नकाशा कॉफीच्या काउंटरवर लावून ठेवला होता. एकवीस तारखेला ठिपका नदीपर्यंत जाऊन तसाच माघारी फिरला ना, तेव्हा मेव्हिसने सगळ्यांना फुकट कॉफी दिली.

मी म्हटलं, डबी बिघडलेली असू शकते. हेल्वीने माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, मग थांबवलं का नाही मला? इतके दिवस पुला कसली पाठवत बसलीस? पहिल्याच दिवशी येऊन कान धरला असता तर फटफजिती तरी टळली असती.

तिने कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, ओनी, तू दर जूनमध्ये जायचास. फ्रिजवर कागद लावून. मी तार्याला कडेवर घेऊन धक्क्यावर हसत उभी राहायचे आणि तू वळणाआड गेलास की परत येईपर्यंत दिवस मोजायचे. पाऊस लागला की वाटायचं, नदी चढली असेल. वारा पडला की वाटायचं, आता काय झालं? फोन वाजला की उचलायला हात धजायचा नाही. इतकी वर्षं एकही जून मी धड झोपले नाही. या वेळी संध्याकाळी बघायचे, ठिपका वेइकोच्या पलंगावर. दिवा घालवायचे आणि आडवी पडले की सकाळच. तुझ्या सगळ्या सफरींमधली ही एकच मला आवडली. तुला घेऊन यायला मी कशाला घाई करू?

म्हटलं, मग हे तू आधी कधीच का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, सांगितलं की. दरवर्षी सांगितलं. तू सामान बांधत असायचास.

मी खूप आठवून बघितलं. तंबूच्या दोऱ्या आठवल्या, नकाशे आठवले, सामानाचं निळं पिंप आठवलं, कुठल्या वर्षी कुठलं वल्हं नेलं तेही आठवलं. ती बोलताना काही आठवलं नाही.

तार्याने फ्लॅटचे कागद पुढे केले. सही केली.